मेंदू-मज्जारज्जूचा दाह आणि रक्त-पाण्याचे रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत सॅम्पल घ्यायच्या टेबलामागे मी बरीच वर्षं काढली आहेत. मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) असले मेंदू-मज्जारज्जूच्या दाहाचे आजार असलेल्यांचे नातेवाईक गडहिंग्लजहून, कागलहून, इचलकरंजीहून रिपोर्टचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात, "हे जास्त आहे का हो?" तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. औषध कोणतं द्यायचं, कधी थांबवायचं हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. आकडा येतो कुठून आणि फसवतो कुठे, तेवढं मी सांगतो.

१. बायोमार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरात आत काय चाललंय याची बाहेर मोजता येणारी खूण. थर्मामीटरचा पारा हीसुद्धा खूणच. आपल्या आजारांत या खुणा तीन कामांना येतात. काही आजाराची ओळख पटवतात, काही आजाराची चाल दाखवतात आणि काही औषधावर पहारा ठेवतात. लोकांचा निम्मा गोंधळ आणि बराचसा खर्च होतो तो ओळखीची तपासणी चाल बघायला पुन्हा पुन्हा केल्यामुळे. आधार कार्डावरून माणूस कोण ते कळतं, आज त्याला ताप आहे का ते कळत नाही.

२. एमएस, एनएमओ आणि मॉग हे एकच ना? सगळ्यांत नसांना सूज येते म्हणतात.

एकच नव्हेत. एमएसमध्ये नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर शरीर स्वतःच हल्ला करतं, पण त्याची ओळख पटवणारी एकच एक अँटीबॉडी नाही. एनएमओमध्ये बहुतेकांच्या रक्तात ॲक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी सापडते. ती २००४ मध्ये व्हांडा लेनन यांच्या गटाने मेयो क्लिनिकमध्ये शोधली. मॉगमध्ये मायलिनवरच्या मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असते आणि हा आजार लहान मुलांतही बराच दिसतो. हा फरक कागदापुरता नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या पेशंटला दिली तर आजार बिघडू शकतो. म्हणून सुरुवातीला ओळख पक्की करायला दोन दिवस जास्त लागले तर लागू द्यावेत.

३. ईएसआर, सीआरपी दोन्ही नॉर्मल आलं. मग सूज आहे असं डॉक्टर कसं म्हणतात?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासण्या. इथली "सूज" म्हणजे पाय सुजतो तशी नव्हे. हा दाह मेंदूत आणि मज्जारज्जूत, बंद दाराआड चालतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो, त्यामुळे आतला गोंधळ ईएसआरला बहुधा कळतच नाही. एमएसचा अटॅक, म्हणजे लक्षणं नव्याने उफाळणं, चालू असतानाही हे दोन आकडे बहुतेक वेळा नॉर्मल असतात. उलट सीआरपी वाढलेलं आलं तर आधी लघवीतलं, छातीतलं किंवा दातांतलं इन्फेक्शन शोधतात. का शोधतात ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कमरेखाली लुळा पडतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये. तिथे मज्जारज्जू नसतो. मज्जातंतू पाण्यात सुट्या दोऱ्यांसारखे तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. १८९१ मध्ये जर्मनीत हाइनरिश क्विन्के यांनी ही पद्धत रूढ केली, तेव्हापासून ती चालू आहे. खरा त्रास डोकेदुखीचा. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर हा त्रास बराच कमी होतो, तेव्हा कोणती सुई वापरणार हे आधी विचारायला लाजू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आपणहून सांगा, ते कुणी विचारायची वाट बघू नका.

५. त्या पाण्यात "बँड" शोधतात ते काय?

पाण्यातली प्रथिनं विजेच्या साहाय्याने जेलवर पसरवली की अँटीबॉडीच्या रेघा उमटतात. याच ऑलिगोक्लोनल बँड. त्याच दिवशीच्या रक्तातही तीच तपासणी करून दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवतात. पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत अशा दोन किंवा जास्त रेघा सापडल्या, तर अँटीबॉडी मेंदूच्या आतच तयार होत आहेत असा अर्थ निघतो. दोन्हीकडे अगदी सारख्या रेघा असल्या तर त्या बाहेरून आत झिरपलेल्या, म्हणजे आजार साऱ्या शरीराचा.

आमच्याकडून एकदा नुसतं पाणी मुंबईला गेलं, जोडीची रक्ताची बाटली टेबलावरच राहिली. पाण्याची तपासणी अडून बसली आणि पोर्लेहून आलेल्या मावशींना रक्त द्यायला परत यावं लागलं. तेव्हापासून दोन्ही बाटल्या एकाच रबराने बांधल्याशिवाय मी पिशवी बंद करत नाही. तुम्हीही विचारा, "रक्ताची बाटली सोबत जातेय ना?"

हल्ली याच कामाला कापा फ्री लाइट चेनची, म्हणजे अँटीबॉडीच्या सुट्या तुकड्यांची, तपासणी आली आहे. ती मशीनवर होते, आकड्यात उत्तर देते, आणि रेघा डोळ्यांनी मोजण्यातला माणसागणिक फरक टळतो. एमएसच्या निदानासाठी जगभर जे मॅकडोनाल्ड निकष पाळतात, त्यांच्या २०२४ च्या आवृत्तीत तिला बँडच्या बरोबरीने जागा मिळाली.

६. बँड सापडल्या नाहीत. म्हणजे एमएस नाही, असं समजू का?

समजू नका. बँड नसलेला एमएस असतो आणि आपल्याकडच्या पेशंटांत त्याचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त दिसत आलं आहे. एमआरआय आणि लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर एमएसच म्हणतील. उलट बाजूही बघा. पाण्यात पेशी ५० च्या वर असल्या किंवा प्रथिनं फार वाढलेली असली, तर एमएसवर शिक्का मारण्याआधी डॉक्टर थांबतात. आपल्या भागात तेव्हा क्षयाचा विचार आधी करावाच लागतो.

७. दर वर्षी पाणी काढून बँड कमी झाल्या का, ते बघायचं का?

नको. बँड एकदा आल्या की बहुतेक जन्मभर राहतात, आजार शांत असो वा पेटलेला. हे आधार कार्ड झालं (प्रश्न १).

८. एनएफएल नावाची नवी रक्ततपासणी सांगितली आहे. ती काय सांगते?

ही मात्र खरी चाल दाखवणारी तपासणी. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे मज्जातंतूच्या आतल्या सांगाड्यातलं प्रथिन. तंतू तुटला, चिरडला की ते पाण्यात सांडतं आणि त्यातला थोडा अंश रक्तात पोचतो. रक्तात ते इतकं कमी असतं की पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. एका ग्रॅमचे, एकावर बारा शून्यं लावून होतात तेवढे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. पूर्वी ते रक्तात पकडताच येत नव्हतं, पाठीतलं पाणी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सिमोआसारखी एकेक रेणू मोजणारी यंत्रं आली आणि हाताच्या शिरेतून काम भागू लागलं.

गुऱ्हाळाच्या वाटेवर उसाचं पाचट पडलेलं दिसलं की गाडी गेली एवढं कळतं. कुणाची गेली, ते पाचटावर लिहिलेलं नसतं. एनएफएल तसंच आहे. तंतू मोडलेत हे ते सांगतं, कशाने मोडले ते सांगत नाही. एमएस, पक्षाघात, डोक्याला मार, हातापायांच्या नसांचा आजार, सगळ्यांत ते वाढतं. म्हणून त्यावरून निदान करत नाहीत. निदान झाल्यावर, त्याच माणसाचा आकडा त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून बघतात.

अटॅकनंतर हा आकडा काही आठवडे चढतो आणि मग महिन्या-महिन्याने उतरतो. औषध लागू पडलं तर साधारण तीन ते सहा महिन्यांत उतार दिसायला हवा. औषध नियमित चालू असून, बाहेरून लक्षण नसून आकडा चढला, तर आत काहीतरी धुमसतंय असा संशय घेऊन डॉक्टर एमआरआय लवकर करायला सांगू शकतात. या तपासणीची खरी किंमत इथे आहे.

९. माझं एनएफएल १४ आणि माझ्या मावसभावाचं ९. आजार एकच. माझा जास्त वाढलाय का?

दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवूच नका. वय वाढेल तसं हे प्रथिन निरोगी माणसातही वाढतं, त्यामुळे पंचविशीतल्या पोराला जे जास्त ते साठीच्या काकांना साधं असू शकतं. वजन जास्त असेल तर आकडा कमी दिसतो. किडनी मंद असेल तर तो वाढतो, मधुमेहातही वाढलेला असू शकतो. म्हणून चांगला रिपोर्ट नुसता आकडा देत नाही, तुमच्या वयाच्या निरोगी लोकांत तुम्ही कुठे बसता तेही देतो. ते नसेल तर लॅबकडे मागा.

खास कोल्हापूरची भर घालतो. तालमीत जाणाऱ्या एका पोराचं सॅम्पल आमच्याकडे आलं होतं. सहज बोलता बोलता कळलं, चार दिवसांपूर्वी लढतीत डोकं जोरात आपटलं होतं आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. घरात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. मी फॉर्मवर लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तपासणी पुढे ढकलली. डोक्याला मार लागल्यावर एनएफएल काही आठवडे वाढलेलं राहतं. मोटारसायकलवरून पडलात, आखाड्यात आपटलात, तर सुई टोचण्याआधी सांगा.

१०. किती दिवसांनी करायची? दर महिन्याला केली तर चालेल?

चालेल, पण पैसे पाण्यात जातील. पहिलं सॅम्पल आजार शांत असताना, शक्यतो नवं औषध सुरू करण्याआधी द्यावं. तीच पुढच्या सगळ्या आकड्यांची पायरी. मग तीन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दरवेळी एकाच लॅबला, एकाच पद्धतीच्या मशीनवर. सिमोआवरचा आकडा आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचा आकडा एकमेकांशी जुळत नाहीत. "लॅब बदलली आणि एनएफएल निम्म्यावर आलं" म्हणून पेढे वाटायला निघालेले पाहुणे मी पाहिलेत.

११. ॲक्वापोरिनची अँटीबॉडी आधी जास्त होती, आता कमी आली. गोळ्या बंद करू का?

अजिबात नको. हे उत्तर ठळक शाईत लिहायची माझी इच्छा आहे. ही अँटीबॉडी ओळख पटवते. तिची पातळी खालीवर होण्यावरून पुढचा अटॅक येईल की नाही हे भरवशाने सांगता येत नाही. एनएमओचा एकच अटॅक नजर किंवा चाल कायमची घेऊन जाऊ शकतो. "निगेटिव्ह" वाचून औषध सोडणं म्हणजे पंचगंगेचं पाणी एक फूट उतरलं म्हणून पुरात बुडणाऱ्या चिखली गावात लगेच सामान परत नेणं.

तपासणीची पद्धतही बघा. जिवंत किंवा स्थिर केलेल्या पेशींवर केलेली सेल बेस्ड तपासणी एलायझा नावाच्या पद्धतीपेक्षा जास्त विश्वासाची. एलायझावर कमी पातळीचा पॉझिटिव्ह आला आणि लक्षणं जुळत नसली, तर ती सेल बेस्ड पद्धतीने पुन्हा करून घेतात.

मॉगचं थोडं वेगळं आहे. तिथे अँटीबॉडी काही महिन्यांनी नाहीशी झाली तर आजार एकाच अटॅकवर थांबण्याची शक्यता वाढते, टिकून राहिली तर तो परत येण्याची. म्हणून मॉगमध्ये सहा महिने-वर्षाने पुन्हा तपासायला सांगतात. मात्र अगदी कमी पातळीचा मॉग पॉझिटिव्ह दुसऱ्याच आजारातही येतो. लक्षणं जुळत नसताना ही तपासणी करूच नये, नाहीतर नसलेला आजार गळ्यात पडतो.

१२. सॅम्पल द्यायच्या आधी स्टेरॉईडची सलाईन लावली. रिपोर्ट बिघडेल का?

बँडना बहुधा धक्का लागत नाही. अँटीबॉडीची पातळी खाली येऊ शकते. जास्त घोळ होतो तो प्लाझ्मा बदलल्यावर आणि आयव्हीआयजी दिल्यावर. प्लाझ्मा बदलताना अँटीबॉडीच धुतल्या जातात, मग खोटा निगेटिव्ह येतो. आयव्हीआयजी म्हणजे हजारो लोकांच्या अँटीबॉडी गोळा करून दिलेलं औषध. त्यानंतर दुसऱ्यांच्या अँटीबॉडी तुमच्या नावावर दिसू शकतात. हे दोन्ही सुरू करण्याआधी एक बाटली रक्त काढून ठेवा. अटॅक मोठा असेल तर रिपोर्टसाठी उपचार अडवू नका. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, रिपोर्ट मागाहून येईल.

१३. एनएफएल केलं तर एमआरआयचा खर्च वाचेल का?

वाचणार नाही. एनएफएल नुकसान किती ते सांगतं, एमआरआय ते कुठे आहे हे दाखवतो. मज्जारज्जूतला लहानसा डाग पाय लटके पाडू शकतो आणि एनएफएल तरी फारसं हलत नाही. मात्र दरवेळी शाई, म्हणजे गॅडोलिनियम, टोचायलाच हवी असं नाही. ताजा डाग शाईने काही आठवडेच उजळतो, त्यानंतर जुन्या एमआरआयशी तुलना करूनच नवा डाग ओळखतात. म्हणून सीडी सांभाळा. फिल्म गुंडाळून कपाटावर टाकली तर चिकटतात, आमच्याकडे तशा कितीतरी आल्यात. आणि शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा.

१४. एप्रिल-मेमध्ये दुपारी पाय जड होतात, दिसायला धूसर होतं, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. आम्हाला खोटं ठरवतात.

तुम्ही खोटं बोलत नाही आणि रिपोर्टही खोटा नाही. आवरण गेलेल्या नसेतून संदेश उष्णतेत नीट जात नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलं, आजही त्यांच्याच नावाने ते ओळखतात. कडक पाण्याची अंघोळ, ताप, जोतिबाचा डोंगर भर उन्हात चढणं, कशानेही होतं आणि अंग थंड झालं की उतरतं. नवा दाह नसतो, त्यामुळे कुठलीच खूण वाढत नाही.

लघवीतल्या इन्फेक्शननेही हेच होतं. म्हणून "अटॅक आला" म्हणून धावत आलात तर डॉक्टर आधी लघवी आणि सीआरपी करायला सांगतात. त्याचा राग धरू नका. इन्फेक्शन असताना उगाच स्टेरॉईड गेलं तर ते महागात पडतं. लक्षण नवं असेल, चोवीस तासांहून जास्त टिकलं असेल आणि ताप नसेल, तर मात्र थांबू नका.

१५. रिटुक्सिमॅब घेतोय. सीडी१९ कशासाठी करायचं?

ही पहारेकऱ्याची तपासणी. हे औषध रक्तातल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) संपवतं आणि सीडी१९ ही त्या पेशींवरची खूण. आकडा शून्याजवळ म्हणजे औषध अजून काम करतंय. बहुतेकांत सहा महिन्यांनंतर पेशी परतू लागतात, काहींत लवकर. एनएमओत बरेच डॉक्टर पुढचा डोस त्या परतण्यावर ठरवतात. सोबत इम्युनोग्लोब्युलिन जीची, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीची, पातळीही अधूनमधून बघतात. ती फार खाली गेली तर इन्फेक्शन पाठ सोडत नाहीत.

एक धंद्यातली गोष्ट: या जांभळ्या टोपणाच्या बाटलीला बर्फ चालत नाही, साध्या तापमानालाच न्यावी लागते. शनिवारी दुपारी सॅम्पल दिलं तर ते रविवारी पडून राहतं. सोमवार ते गुरुवार या.

१६. नॅटालिझुमॅबसाठी जेसी व्हायरसची तपासणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे मेंदूत इन्फेक्शन झालं?

नाही. हा विषाणू निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या अंगात झोपून असतो. पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. पण हे औषध चालू असताना तो जागा झाला तर पीएमएल नावाचा गंभीर आजार होतो, म्हणून रिपोर्टमधला या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीचा इंडेक्स बघतात. तो १.५ च्या वर गेला आणि औषध दोन वर्षांहून जास्त चाललं असेल तर धोका वाढतो. निगेटिव्ह आलेल्यांनीही दर सहा महिन्यांनी तपासावं. आयव्हीआयजीचा घोळ इथेही लागू आहे, प्रश्न १२ पाहा.

१७. कोल्हापूरहून मुंबईला जाईपर्यंत सॅम्पल खराब होत नाही का?

कोणतं सॅम्पल, त्यावर आहे. पाठीतल्या पाण्यातल्या पेशी तासाभरात फुटू लागतात, त्यामुळे त्यांची मोजणी इथेच आणि लगेच व्हायला हवी. पेशी मोजायचं पाणी घेऊन कुणी एसटीत बसू नये. बँडसाठीचं पाणी, आणि बँड-अँटीबॉडीसाठी रक्तातलं सीरम (पेशी वगळून उरणारा पातळ भाग) वेगळं करून, थंड पाठवलं की निभावतं. एनएफएल तर बरंच चिवट आहे, प्रवासातल्या एक-दोन दिवसांनी त्याचं फारसं बिघडत नाही. बाहेरगावी पाठवायच्या सॅम्पलांत सीडी१९ सगळ्यात नाजूक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या थांबल्या. असे दिवस आले तर तातडी नसलेली तपासणी सरळ पुढे ढकला.

१८. सोबत बी१२ आणि व्हिटॅमिन डीसुद्धा लिहिलंय. लॅबवाल्यांचा धंदा का?

बी१२ च्या बाबतीत तरी नाही. त्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जू दुखावतो, मुंग्या येतात, तोल जातो आणि एमआरआयवर डाग दिसतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमीची. स्वस्तात बरा होणारा आजार सोडून महागड्या औषधाला लागायचं नाही, एवढाच हेतू. डी एकदा बघितलं की झालं, त्यावरून आजाराची चाल कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. त्या थायरॉईडसकट काही तपासण्यांचे आकडे खोटे करतात.

१९. एनएफएल नॉर्मल, नवा डाग नाही, तरी वर्षभरात बाबांचं चालणं कमी झालं. मग हे काय?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. एमएसमध्ये अटॅकशिवाय हळूहळू होणारी झीज असते. तिथे दाह पडद्याच्या आतच मुरलेला असतो, रोजचं नुकसान इतकं थोडं की एनएफएलचा काटा ठळक हलत नाही. या टप्प्यासाठी जीएफएपीकडे लक्ष लागलं आहे. हे मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार-पेशींचं प्रथिन, आणि त्याची वाढ अटॅकपेक्षा झिजेशी जास्त जुळते. एनएमओच्या अटॅकमध्ये तर ते भराभर चढतं, कारण तिथे मार याच पेशींवर असतो. पण एका पेशंटचं औषध केवळ त्याच्यावर ठरवावं इतकं ते अजून रुळलेलं नाही.

तोवर घरचं माप वापरा. पंचवीस फूट अंतर दोरीने मोजा, दर महिन्याला त्याच वेळेला, त्याच चपला घालून बाबांना चालायला लावा आणि सेकंद वहीत लिहा. दवाखान्यातही याच अंतरावर चाल मोजतात. डॉक्टरांना ती वही दाखवा, माझ्या रिपोर्टइतकीच ती कामाची आहे.

२०. हे सगळे रिपोर्ट जोडले तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. पण टक्केवारी ठरते ती माणसाला काय करता येतं आणि काय येत नाही यावर, एनएफएलच्या आकड्यावर नव्हे. निदानाचे कागद, एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी सोबत ठेवा. ऑनलाइन अर्ज करून तपासणीला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाताना मूळ कागद न्या, आणि झेरॉक्सचे दोन संच.